मधली चेनसॉ घेताना : लाकडाची जाडी मोजा, मग दुकानात जा

मौदा तालुक्यात ज्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी एक लहान आणि एक मोठी चेनसॉ आधीच आहे, ते पुढे एकच प्रश्न विचारतात : आता मधली कोणती घ्यावी? विचारणारे वेगवेगळे असतात. कोणी धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरच्या बाभळी छाटतो, कोणी गावोगावी झाडतोडीचे ठेके घेतो, तर कुठे शेतकरी गटाला अवजार बँकेतून भाड्याने द्यायला आणखी एक यंत्र हवे असते. त्यांना मिळणारी उत्तरे मात्र ठरलेली असतात. दुकानदार सीसीचा आकडा सांगतो, शेजारी कंपनीचे नाव सांगतो आणि मोबाइलवरची जाहिरात बारची लांबी दाखवते. या तिन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे, पण एकाही उत्तरात तुमच्या कामाचा विचार नाही. मधली चेनसॉ ही लहान आणि मोठीची सरासरी नसते. योग्य निवडली तर घरातली सर्वांत जास्त वेळ हातात राहणारी तीच असते. म्हणून ती दोन गोष्टींवरून ठरवावी : तुम्ही खरोखर कापता त्या लाकडाची जाडी आणि तुमच्याकडे आधीपासून असलेली चेन. बाकीचे सगळे प्रश्न या दोन गोष्टींनंतर येतात.

पहिली पायरी : उणीव वहीत लिहा

खरेदीआधी पंधरा दिवस, किंवा काम तुरळक असेल तर एक हंगाम, साधी नोंद ठेवा. कोणते झाड, किती जाड, कोणती चेनसॉ वापरली आणि तिने काय त्रास दिला, एवढेच लिहायचे. जाडी डोळ्यांनी ठरवू नका. उभ्या झाडाची जाडी नजरेला नेहमी फसवते. टेपने घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. ९५ सेंटिमीटर घेराची बाभूळ म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचा बुंधा. नोंदी साठल्या की त्यांचे तीन गट पाडा.

- २५ सेंटिमीटरपर्यंत : फांद्या, सुबाभूळ, कुंपणाचे खांब, जळाऊ लाकूड. इथे ३० ते ३५ सीसीची लहान चेनसॉ पुरते.
- २५ ते ४५ सेंटिमीटर : धुऱ्यावरची वाढलेली बाभूळ, कडुनिंबाचे मध्यम खोड, वादळाने पडलेल्या झाडांचे ओंडके. मधल्या चेनसॉचे खरे क्षेत्र हेच.
- ४५ सेंटिमीटरच्या वर : जुनी चिंच, आंबा, मोह यांचे बुंधे. यासाठी ७० सीसीच्या पुढची मोठी चेनसॉ लागते.

मधल्या गटातल्या नोंदी एक पंचमांशाहून कमी निघाल्या, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : तिसरी चेनसॉ घेऊ नका. तेवढ्या कामापुरती ती भाड्याने आणा आणि वाचलेला पैसा आधीच्या दोन यंत्रांच्या चांगल्या चेन, बार आणि दुरुस्तीवर घाला. वर्षातले दहा महिने कोपऱ्यात पडून राहिलेल्या चेनसॉचा कार्ब्युरेटर तुंबतो आणि रबरी नळ्या कडक होतात. कामाच्या दिवशी ती सुरूच होत नाही. मात्र मधल्या गटात निम्म्याहून जास्त नोंदी असतील, तर पुढचे सगळे हिशेब तुमच्यासाठी आहेत.

दुसरी पायरी : सीसी विचारा, पण निर्णय किलोवॅट आणि किलोवर घ्या

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती जागा व्यापतो त्याचे माप. त्यावरून ताकदीचा अंदाज येतो, खात्री होत नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकांतले आकडे शेजारी मांडले की हे लगेच दिसते. स्टिलची एमएस २६१ आणि हुस्क्वार्नाची ४५० या दोन्ही ५०.२ सीसीच्या. पहिलीची शक्ती सुमारे ३.० किलोवॅट आहे, दुसरीची सुमारे २.४. दोघींचे वजन जवळजवळ सारखे, पाच किलोच्या आसपास. सीसी एकच असून ताकदीत पाव हिश्शाचा फरक पडला, कारण एक रोज जंगलकाम करणाऱ्यासाठी बांधली आहे आणि दुसरी अधूनमधून वापरणाऱ्यासाठी. दुसरी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. तिची किंमत त्या मानाने कमी असेल आणि तुमचे काम तुरळक असेल, तर तीच तुमच्यासाठी शहाणपणाची निवड ठरू शकते. पण सीसी सारखे आहे म्हणून दोन्ही सारख्या, असे समजून किमतीची तुलना केली तर ती तुलनाच चुकते.

मधल्या चेनसॉची गरज का भासते, तेही याच आकड्यांत दडले आहे. स्टिलच्याच माहितीपत्रकांतून तीन आकार घ्या. लहान एमएस १८० सुमारे ४ किलोची आणि दीड किलोवॅटच्या आसपास. मधली एमएस २६१ सुमारे ४.९ किलोची आणि ३ किलोवॅटची. मोठी एमएस ३८२ सुमारे ६.२ किलोची आणि ३.९ किलोवॅटची. लहानीवरून मधलीकडे गेलात तर एक किलोच्या मोबदल्यात ताकद दुप्पट होते. मधलीवरून मोठीकडे जाताना सव्वा किलोहून जास्त वजन वाढते आणि ताकद तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वाढते. ही वजने बार, चेन आणि पेट्रोल धरून नसतात. ते सगळे चढले की प्रत्येकीत दीड-दोन किलोची भर पडते.

इथे पहिला आक्षेप येतो : मोठी आहेच, ती सगळेच कापते, मग मधली कशाला? कापते हे खरे. पण चेनसॉचे बहुतेक काम झाड पाडण्याचे नसते. पडलेल्या झाडाच्या फांद्या उतरवणे आणि ओंडके पाडणे यातच बहुतेक वेळ जातो. त्यात माणूस वाकलेला असतो, यंत्र एका हातावरून दुसऱ्या हातावर तोलत असतो आणि पाय फांद्यांच्या गुंत्यात असतात. दुपारपर्यंत हात भरून आले की बारच्या टोकाचा वरचा भाग नकळत लाकडाला लागतो आणि चेनसॉ उसळून अंगावर येते. जड यंत्र आवरायला थकलेल्या हातात बळ उरलेले नसते. मधली चेनसॉ म्हणजे चैन नाही. दिवसाच्या शेवटच्या दोन तासांतली सुरक्षितता तिच्यावर अवलंबून असते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो : लहान चेनसॉलाच १८ इंची बार लावला तर? बसवता येईलही, पण चालवण्याजोगा नाही. बार जितका लांब, तितके जास्त दात एकाच वेळी लाकडात रुततात आणि इंजिनावर भार येतो. बाभळीसारख्या कठीण लाकडात दीड किलोवॅटचे यंत्र त्या भाराने फेरे सोडते, क्लच तापतो आणि बारला पुरेसे तेल पोहोचत नाही. थोडे पैसे वाचतात, पण चांगली लहान चेनसॉ हातची जाते.

तिसरी पायरी : ५० चे घर की ६० चे? तुमची चेन ठरवेल

मधल्या चेनसॉमध्येही दोन घरे आहेत : ५० सीसीच्या आसपासची आणि ६० सीसीच्या आसपासची. दोघींत वजनाचा फरक साधारण पाऊण किलोचा, ताकदीचा अर्ध्या किलोवॅटचा. एवढ्यावरून निर्णय होत नाही, पण चेन पाहिली की सहसा होतो. प्रत्येक चेनची तीन मापे असतात : पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या अंतराचा अर्धा भाग, गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी, आणि त्या दुव्यांची संख्या. ही तिन्ही जुळली तरच चेन बसते.

५० च्या घरातल्या बहुतेक चेनसॉवर ०.३२५ इंच पिचची चेन येते, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ६० च्या घरात आणि ७० च्या पुढे सहसा ३/८ इंच पिच येते, तिला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते. म्हणजे तुमच्या मोठ्या चेनसॉवर ३/८ ची चेन असेल आणि मधली ६० च्या घरातली घेतली, तर दोघींना एकच कानस चालते आणि गेजही जुळत असेल तर चेनचा एकच रोल आणून हव्या त्या लांबीच्या चेन जोडून घेता येतात. गटाच्या अवजार बँकेसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण तिथे यंत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि चुकीच्या कानशीने धार लावून चेन बिघडवणे ही नेहमीची गोष्ट होऊन बसते.

या मापांत दोन फसगती आहेत, त्या ध्यानात ठेवा.

- ३/८ दोन प्रकारची असते. लहान चेनसॉवरची ‘लो प्रोफाइल’ ३/८ आणि मोठीवरची पूर्ण ३/८ यांचा आकडा एक, पण चेन वेगळी. लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची कानस लागते. ‘तीन-अष्टमांशची द्या’ एवढेच सांगून चेन आणली की ती बसत नाही.
- बारची लांबी सारखी म्हणून चेन सारखी नसते. ०.३२५ पिचच्या १८ इंची बारला हुस्क्वार्नाच्या चेनसॉवर ७२ दुवे लागतात, स्टिलच्या चेनसॉवर ७४. जुनी चेन सोबत नेणे किंवा बारवर कोरलेली तिन्ही मापे लिहून नेणे हाच उपाय.

मग निवड अशी करा. नोंदवहीत ३० सेंटिमीटरच्या आतबाहेरची बाभूळ आणि फांद्यांचे काम जास्त असेल, तर ५० चे घर, १६ किंवा १८ इंची बार. ४० सेंटिमीटरकडे झुकणारे बुंधे जास्त असतील, घरात ३/८ ची मोठी चेनसॉ असेल किंवा मोठी कधी बंद पडली तर तिचे काम निभावणारे यंत्र हवे असेल, तर ६० चे घर, १८ किंवा २० इंची बार. दोन्ही बाजूंनी काप घेऊन बारपेक्षा जाड बुंधाही उतरवता येतो. म्हणून ‘कधीतरी लागेल’ एवढ्यासाठी लांब बार घेऊन वर्षभर ते वजन उचलू नका. बार कमी लांबीचा असला की धारही लवकर लागते आणि तोल चांगला राहतो.

चार पर्याय आणि त्यांची खरी किंमत

- व्यावसायिक बांधणीची नवी चेनसॉ. इंजिनाचे घर मॅग्नेशियमचे, कंप शोषायला स्प्रिंगा, सुटे भाग बदलता येण्याजोगे. रोज किंवा एक दिवसाआड चालवणाऱ्या ठेकेदारासाठी.
- शेतीकामाची नवी चेनसॉ. घर प्लास्टिकचे, ताकद थोडी कमी, किंमतही कमी. वर्षातून महिना-दीड महिना काम असणाऱ्या शेतकऱ्याला पुरेशी.
- ‘५२ सीसी’, ‘५८ सीसी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त चेनसॉ. बहुतेक चिनी बनावटीची, वेगवेगळ्या नावांनी मिळणारी.
- जुनी, वापरलेली चेनसॉ. चांगली मिळाली तर सर्वांत किफायती, फसलात तर सर्वांत महाग.

स्वस्त चेनसॉच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. तिचे सुटे भाग कमी पैशांत मिळतात, गावचा मिस्त्रीही ती उघडू शकतो आणि एका महागड्या यंत्राच्या पैशांत दोन-तीन येतात. वर्षाला मोजके दिवस काम करणाऱ्यासाठी हा युक्तिवाद टिकतो. ठेकेदारासाठी टिकत नाही, कारण त्याचे नुकसान यंत्राच्या किमतीत मोजायचे नसते. यंत्र बंद पडले तर मजुरांचा दिवस बसून जातो आणि ट्रॅक्टर रिकामा उभा राहतो. शिवाय यंत्रावर छापलेला सीसीचा आकडा तपासूनच मान्य करा. माहितीपत्रकातून बोअर आणि स्ट्रोक सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४ केले की खरा सीसी निघतो. बोअर ४.५ आणि स्ट्रोक ३.४ सेंटिमीटर असेल तर उत्तर ५४ येते. अशा यंत्रावर ‘५८’ छापले असेल, तर तो फक्त मॉडेलचा क्रमांक आहे. आणि ५० सीसीच्या आसपासच्या यंत्राला २२ इंची बार लावून ते मोठे भासवलेले असेल, तर बार १८ इंची करून मागा.

जुनी चेनसॉ घेताना ती थंड असताना सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर परत या. सायलेन्सर काढून पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे आहेत का ते पाहा. ओरखडे म्हणजे तेल कमी मिसळल्याची किंवा धूळ आत गेल्याची खूण. कॉम्प्रेशन गेजवर दाब १५० पीएसआयच्या आसपास असावा. मूळ बिल आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जुळत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

बॅटरीवरच्या चेनसॉचे काय, असेही विचारले जाते. लहान फांद्यांसाठी, वस्तीत आवाज नको असेल तिथे त्या उत्तम आहेत. पण मधल्या आकाराचे काम म्हणजे शेतात सलग चार-पाच तास कठीण लाकूड. त्यासाठी तीन-चार बॅटऱ्या आणि धुऱ्यापाशी वीज हवी. म्हणून बॅटरीचा विचार लहान चेनसॉच्या जागी करा, मधलीच्या जागी आज तरी नको.

मौद्याचे ऊन, धूळ आणि आजचे पेट्रोल

माहितीपत्रकात न दिसणाऱ्या तीन गोष्टी इथे निर्णायक ठरतात. पहिली उष्णता. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि झाडतोडीचे बरेचसे काम पावसाळ्याआधी, धानाच्या बांध्या रिकाम्या असतानाच होते. तेव्हा एअर फिल्टर हातांनी चटकन उघडता येतो का, इंजिनाभोवतीच्या पंख्या सहज साफ होतात का, हे दुकानातच करून बघा. सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी जाळी आहे ना, तेही पाहा. वाळलेले गवत आणि तणस असलेल्या शेतात एक ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट लाकडाची. धुऱ्यावरच्या बाभळीच्या सालीत माती भरलेली असते आणि कुंपणाची तार व खिळे खोडात गडप झालेले असतात. सागाच्या लाकडात सिलिकाचे कण असतात, त्यानेही धार लवकर जाते. म्हणून चेनसॉबरोबर किमान दोन जास्तीच्या चेन आणि योग्य मापाची कानस मार्गदर्शक पट्टीसह घ्या. बोथट चेनची महाग चेनसॉ धारदार चेनच्या स्वस्त चेनसॉपुढे हरते.

तिसरी गोष्ट इंधनाची, आणि ती नवी आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पुष्कळ चेनसॉच्या पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली आहे. स्टिलच्या एम-ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या काही यंत्रांना मात्र २७ टक्क्यांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि मिश्रण पातळ करून इंजिन जास्त तापवते. म्हणून :

- पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा किती, ते खरेदीआधी वाचा. विक्रेत्याकडून लेखी घेता आले तर उत्तम.
- मिश्रण १:५० असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. मापाच्या बाटलीनेच घाला, अंदाजाने नको. डब्यावर ‘जासो एफडी’ लिहिलेले टू-स्ट्रोक तेल निवडा.
- एका महिन्यात संपेल एवढेच मिश्रण करा. काम थांबले की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवा.

दुकानात पैसे देण्याआधी

मौदा नागपूर-भंडारा रस्त्यावर आहे, दोन्हीकडे जाता येते. हा फायदा वापरा आणि किमतीच्या आधी दुरुस्तीची चौकशी करा.

- जवळचे अधिकृत सेवा केंद्र कुठे? क्लच, स्टार्टर दोरी, तेलाचा पंप आणि कार्ब्युरेटर त्याच्याकडे आज शिल्लक आहेत का?
- चेन ब्रेक काम करतो का? ब्रेक लावून क्षणभर ॲक्सिलरेटर दाबला तर चेन हलता कामा नये.
- ॲक्सिलरेटर सोडल्यावर संथ चालीत चेन पूर्ण थांबते का?
- बारचे टोक पांढऱ्या कागदावर धरून वेग दिल्यावर तेलाचे थेंब उडतात का?
- कंपाचा आकडा किती? युरोपात दिवसभराच्या सरासरीत २.५ मीटर प्रति सेकंद वर्गापासून उपाय सुरू करावे लागतात आणि ५ ही कमाल मर्यादा मानतात. दोन सारख्या यंत्रांत कमी कंपाचे निवडा. वर्षानुवर्षांच्या कंपाने बोटे बधिर होतात आणि गेलेली संवेदना सहसा परत येत नाही.
- अनुक्रमांक यंत्रावर कोरलेला आहे का आणि तोच बिलावर लिहिला का? नामांकित कंपन्यांची नक्कल बाजारात असते.

पैशांची बेरीज करताना हेल्मेट, जाळी, कानांचे आवरण आणि पायांचे संरक्षक कापड धरूनच चेनसॉची किंमत ठरवा. पायांच्या कापडावर आयएसओ ११३९३ किंवा जुने ईएन ३८१ हे मानक लिहिलेले असावे. इतक्या उन्हात ते कोण घालणार, हा आक्षेप खोटा नाही. पण पूर्ण पँटऐवजी फक्त पुढून बांधायचे कापड मिळते, आणि उन्हाळ्यात पहाटे ते सकाळी दहा एवढेच काम ठेवता येते. मांडीत शिरलेल्या चेनवर दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात फारसा उपाय नसतो. मजुराच्या हाती चेनसॉ देत असाल तर हे साहित्य देणे ही मालकाची जबाबदारी समजा.

चेनसॉ घेतली म्हणून झाड तोडण्याचा हक्क मिळत नाही

स्वतःच्या शेतातले झाड आपलेच, हा समज पुष्कळांना अडचणीत आणतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे काही झाडे खासगी जमिनीवर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, बिजा, हळदू, तिवस, खैर, चंदन, फणस, अंजन यांचा समावेश आहे. बाभूळ आणि सुबाभूळ या यादीत नाहीत, पण तोडलेल्या लाकडाची वाहतूक हा वेगळा विषय आहे. गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. मौदा नगरपंचायतीच्या हद्दीतले झाड असेल तर आधी नगरपंचायतीकडे जा. नागरी भागासाठीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या वरच्या झाडांना वारसा वृक्षाचे संरक्षण दिले आहे.

राखीव वनात विनापरवाना झाड तोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, आणि कलम ५२ प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली हत्यारे जप्त होऊ शकतात. ठेकेदाराने हे विशेष ध्यानात ठेवावे : झाड दुसऱ्याचे असले तरी चेनसॉ तुमची जाते. म्हणून मालकाकडून परवानगीची प्रत घेतल्याशिवाय यंत्र गाडीतून उतरवू नका. विजेच्या तारांजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मागा. चेन, बार, प्लग यांसारखे झिजणारे भाग वॉरंटीत सहसा नसतात. चुकीच्या मिश्रणाने बिघडलेले इंजिनही नसते.
- खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि यंत्र आयात केलेले असेल तर मूळ देश छापलेला असला पाहिजे.
- ऑनलाइन घेतलेले यंत्र सदोष, नकली किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळे निघाले, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेता ते परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. खोका उघडतानाचे चित्रण जपून ठेवा.
- तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तोडगा निघाला नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नागपूरला, दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.
- ‘धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला कायदा व्यापारी हेतू मानत नाही.

सरकारी अनुदानाची आशा असेल तर आधी महाडीबीटीच्या यादीत हे यंत्र आहे का ते पाहा. पूर्वसंमतीआधी केलेल्या खरेदीवर अनुदान मिळेल असे गृहीत धरू नका.

एका कागदावरचा निर्णय

दुकानात जाताना एक कागद खिशात ठेवा. त्यावर तीन ओळी असाव्यात : नोंदवहीत सर्वांत जास्त वेळा आलेली जाडी, मोठ्या चेनसॉच्या चेनची तिन्ही मापे आणि सेवा केंद्राचे नाव. पहिली ओळ ५० की ६० चे घर ते सांगेल, दुसरी ते पक्के करेल किंवा बदलायला लावेल, आणि तिसऱ्या ओळीत लिहायला काही नसेल तर ती चेनसॉ कितीही चांगली असली तरी तुमच्यासाठी नाही. दुकानदाराने या कागदाबाहेरचा आकडा पुढे केला, तर तो कोणत्या ओळीला लागू होतो हे विचारा. एकाही ओळीला लागत नसेल, तर त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.